मानेचें मर्दन, डोळ्यांतील दाब आणि मधुमेही मनुष्य

(ज्युबिली-महोत्सवानिमित्त प्रथम शिरूर येथें व पुढच्या आठवड्यांत दौंड येथें केलेलें भाषण)



ज्युबिली-समितीनें मला या प्रसंगीं चार शब्द बोलण्यास सांगितलें, तेव्हां धर्मग्रामाचा इतिहास मीं सांगावा अशी तिची अपेक्षा होती. परंतु तें काम माझ्याहून अधिक माहितगार मंडळींनीं स्मरणिकेसाठीं केलेंच आहे. आणि माझ्या मनांत गेले कांहीं महिने निराळाच विषय घोळत आहे. तो देवळांत बोलण्याचा नव्हे असें कोणास वाटेल. मला तसें वाटत नाहीं. आमच्या जुन्या विधींत आजाऱ्याच्या तैलाभ्यंगाच्या वेळीं धर्मगुरु प्रथम डोळ्यांनाच तेल लावीत असे. १९७२ सालापासून आपण कपाळ व हात यांना लावतों. ज्या प्रभूनें आंधळ्याच्या डोळ्यांस हात लावला त्याच्या घरांत डोळ्यांविषयीं बोलण्यास संकोच कशाचा?

फेब्रुवारीच्या ३ तारखेस, संत ब्लेझच्या सणाला, आपण रांगेनें पुढें येतां आणि मी आशीर्वादित मेणबत्त्यांची जोडी क्रूसाकार धरून आपल्या गळ्याशीं लावतों. यंदां त्या विधीनंतर शिरूरच्या एक वयस्क भगिनी दाराशीं थांबल्या. त्यांना पुष्कळ वर्षांचा मधुमेह आहे. त्या म्हणाल्या, “फादर, गळ्याला आशीर्वाद मिळाला. आतां एक सांगा. मानेच्या शिरा मोकळ्या केल्या म्हणजे डोळ्याचा दाब उतरतो, असें आमच्याकडे येणारा एक मालिशवाला सांगतो. दर खेपेस ३०० रुपये घेतो. करून घेऊं का?”

मीं त्यांना तेथल्या तेथें उत्तर दिलें नाहीं. कारण जवळजवळ हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वीं मला दुसऱ्या एकानें विचारला होता, आणि त्या वेळीं मीं फार चटकन उत्तर दिलें होतें.

ते गृहस्थ दौंडचे. रेल्वेंतून निवृत्त झालेले. त्यांचें नांव मी घेत नाहीं, पण हकीकत सांगण्यास त्यांची परवानगी आहे. त्यांना मधुमेह होताच. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरांनीं काचबिंदू सांगून रोज घालावयाचे थेंब दिले होते. थेंब झोंबत, बाटली महाग पडे, आणि घालून डोळ्यांस कांहीं बरें वाटे असेंहि नव्हे. याच सुमारास त्यांची मान व खांदा आखडला. मलाहि तेव्हां मानदुखीचा त्रास होता, व एका हुशार मालिशवाल्याच्या हातानें चार खेपांत मला उतार पडला होता. त्यांनीं विचारलें तेव्हां मीं म्हटलें, “अवश्य जा. हात चांगला आहे त्याचा.”

ते गेले. मान हलकी झाली, झोप लागूं लागली, डोक्याचें जडपण गेलें. मालिश करणाऱ्यानें सांगितलें कीं, डोकें हलकें झालें म्हणजे डोळ्याचा दाबहि उतरलाच. हें त्यांना पटलें. आपणांपैकीं किती जणांना पटलें नसतें? थेंब बंद झाले. नऊ महिन्यांनीं एका रविवारीं ते मिस्सांत पहिलें वाचन करीत होते. मध्येंच उजव्या डोळ्यांत कांहीं गेलें म्हणून त्यांनीं तो चोळावयास मिटला, आणि समोरचें पान नाहींसें झालें. डावा डोळा उघडा होता. पण त्याला दिसत नव्हतें, व तें केव्हांपासून दिसत नव्हतें हें त्यांस ठाऊक नव्हतें. पुण्यास तपासलें तेव्हां त्या डोळ्यांतील दाब ३४ भरला. डोळ्यामागची नस बहुतेक गेलेली होती. ती परत येत नाहीं.

थेंब बंद करा असें मीं म्हटलें नव्हतें. पण “मान चोळून घ्या, डोळ्याचे थेंब मात्र सोडूं नका” असेंहि म्हटलें नव्हतें. तेवढें एक वाक्य राहून गेलें. म्हणून त्या भगिनीला उत्तर देण्यापूर्वीं मीं जाणत्या डॉक्टरांना विचारलें, थोडें वाचलें, आणि जें समजलें तें आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हा दाब म्हणजे काय तें पाहूं. पुष्कळ लोक त्याला रक्तदाबच समजतात. तो निराळा. डोळा हा आंतील पाण्यानें ताठ राहिलेला गोळा आहे. बाहुलीच्या मागें वलयासारखा एक भाग आहे, त्यांतून स्वच्छ पाणी सारखें पाझरत असतें. मिनिटास दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा लहानसा अंश. हें अश्रूंचें पाणी नव्हे. तें आंतल्या आंतच फिरतें. बुबुळाच्या कडेला आंतून एक बारीक जाळी असते, तिच्यांतून तें बाहेर पडून शिरांतील रक्तास मिळतें. दीड-दोन तासांत सारें पाणी बदलतें. घोड आणि भीमा यांच्या कांठीं बागाईत करणाऱ्यांना हें अधिक समजावून सांगावयास नको. पाट वाहता आहे आणि चारीचें तोंड गाळानें बुजलें, तर वाफा तुंबणारच. काचबिंदूंत बहुधा असेंच होतें: पाणी येण्याचें थांबत नाहीं, जाण्याची वाट अडते. तुंबलेल्या पाण्याचा भार पडतो तो डोळ्याच्या मागच्या बाजूस, जेथून पाहण्याची नस मेंदूकडे निघते तेथें. तिचे तंतू एकेक करून मरतात. प्रथम कडेचें दिसणें जातें. मधलें शेवटपर्यंत राहतें, म्हणून मनुष्य वाचतो, पैसे मोजतो, रस्ता ओळखतो, आणि आपणांस सर्व दिसतें असें समजतो.

हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात. साधारण निरोगी डोळ्यांत तो १० ते २१ असतो. २१ च्या आंत असूनहि नस झिजणारीं माणसें आहेत, म्हणून चांगला डॉक्टर केवळ आंकड्यावर थांबत नाहीं, नसहि पाहतो. जिवंत मनुष्याच्या डोळ्याच्या आंत पाहतां येऊं लागलें तें जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनें १८५१ सालीं आपलें उपकरण प्रसिद्ध केल्यापासून; आणि दाब मोजण्याचें सुटसुटीत यंत्र नॉर्वेच्या श्योट्झनें १९०५ सालीं दिलें. तोंवर वैद्य बोटानें डोळा चेपून अदमास घेत. आज हवेच्या फुंकरीनें दाब मोजणारें यंत्र तपासणीच्या शिबिरांतहि आणतां येतें. हें यंत्र आलें म्हणून सांगतों: दाब उतरला कीं नाहीं हें डोकें हलकें होण्यावरून कळत नाहीं, तें मोजूनच कळतें. वाढलेला दाब बहुधा दुखत नाहीं. (एक प्रकार मात्र एकाएकीं येतो. डोळा लाल होऊन असह्य ठणकतो, दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसतात, ओकारी होते. त्याला पित्त समजून लिंबू-सरबत देत बसूं नये. त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें.)

आतां मानेकडे येऊं. मानेचा आणि डोळ्याच्या दाबाचा संबंधच नाहीं असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणणें खोटें होईल. डोळ्यांतून निघालेलें पाणी ज्या शिरांना मिळतें त्यांचें रक्त शेवटीं मानेंतील मोठ्या शिरांतून हृदयाकडे उतरतें. खालीं वाट आवळली तर वर तुंबारा होतो. २००३ सालीं न्यूयॉर्क येथील डॉक्टरांनीं ४० पुरुषांना, त्यांत निम्मे काचबिंदूचे, तीन मिनिटें टाय घट्ट बांधावयास लावून दाब मोजला, तों निम्म्याहून अधिक जणांचा चढलेला आढळला. (हें वाचल्यापासून मी माझी रोमन कॉलर एक बोट सैल ठेवतों, कोणास गबाळेपणा वाटला असेल तर क्षमा असावी.) चेन्नईच्या डॉक्टरांनीं २००६ सालीं शीर्षासन करणाऱ्यांचे डोळे तपासले, तर आसनाच्या वेळीं दाब जवळजवळ दुप्पट झालेला दिसला. म्हणून काचबिंदूच्या मनुष्यानें शीर्षासन करूं नये. शिवाय बाहुली मोठी करणाऱ्या तंतूंची एक सांखळी मानेंतूनच वर जाते.

एवढें खरें आहे, आणि एवढ्यावरच पुढची इमारत उभी केली जाते. ती इमारत आपल्या गल्लींतल्या मालिशवाल्यानें प्रथम रचली असेंहि नाहीं. अमेरिकेंत स्टिल नांवाच्या डॉक्टरनें १८७४ सालीं, आणि पामर नांवाच्या गृहस्थानें १८९५ सालीं, मणके हातानें बसविले कीं अनेक रोग जातात असे पंथ काढले. पामरचा पहिला रोगी बहिरा होता. पाठीचा मणका दाबतांच त्याला ऐकूं येऊं लागलें असें तो सांगे. कानाची गोष्ट खरी मानली, कीं मग डोळ्याची मानावयास किती वेळ लागतो?

मानेवरील हस्तोपचारांनीं डोळ्याचा दाब उतरतो काय, हें कोणीं तपासलेंच नाहीं असें नाहीं. परंतु ते प्रयोग थोड्या माणसांवर व थोड्या अवधीपुरते झालेले आहेत. कांहींत उपचारानंतर दाब किंचित् खालीं आला, कांहींत आला नाहीं. आणि येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे: निरोगी डोळ्यांतला दाबहि दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरीं दोन-चार मिलिमीटरांनीं खालींवर होत असतो. सकाळीं मोजला, मालिश केली, दुपारीं पुन्हां मोजला आणि दोन कमी भरला, तर तें पुण्य मालिशेचें कीं दुपारचें? महिनोन्महिने मान चोळून कोणाची दृष्टि वांचली असें कोणीं दाखवून दिलेलें नाहीं. थेंब, लेझर व शस्त्रक्रिया यांविषयीं तें दाखविलें गेलें आहे. हा फरक लहान नव्हे.

मग मधुमेही माणसें इतक्या मोठ्या संख्येनें मालिशवाल्याकडे कां जातात? त्यांना भोळीं म्हणून मोकळें होणें अन्यायाचें होईल. मधुमेहांत सांध्यांभोंवतालचीं आवरणें ताठरतात. खांदा आखडण्याचा विकार, ज्यास डॉक्टर ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात, तो मधुमेह्यांत इतरांपेक्षां पुष्कळ अधिक आढळतो. केस विंचरतां येत नाहींत, सदरा चढवितां येत नाहीं, रात्रीं कूस बदलतां येत नाहीं. डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी लिहितात. मालिश करणारा अर्धा तास खांद्यावर हात ठेवतो. हाताचा मोठेपणा मी कसा नाकारूं? माझा सारा पेशाच हात ठेवण्याचा आहे. हलक्या हातानें, तेल लावून, मान न वळवितां स्नायू चोळले तर त्याला माझा विरोध नाहीं. आणि शिकलेला फिजिओथेरपिस्ट मिळाला तर त्याच्याकडून व्यायाम शिकून घ्यावे, हें सर्वांत चांगलें.

माझा विरोध झटक्याला आहे. हनुवटी धरून मान एकदम फिरवितात, कडकड असा आवाज होतो, आणि सर्वांना वाटतें कीं नस मोकळी झाली. तो आवाज सांध्यांतील द्रवांत वायूचा बुडबुडा होण्याचा आहे. त्यांत नस मोकळी होत नाहीं. उलट ध्यानांत ठेवावें कीं, मानेच्या वरच्या सहा मणक्यांना दोन्ही बाजूंस भोंकें आहेत व त्यांतून दोन रोहिणी मेंदूकडे चढतात. मेंदूच्या मागच्या भागांत, जेथें डोळ्यांनीं पाहिलेल्याचा अर्थ लागतो, तेथें रक्त पोंचविण्याचें काम त्यांचें आहे. मान एकदम पिळली तर त्यांचें आंतलें अस्तर फाटूं शकतें, तेथें गांठ धरते, व ती पुढें वाहत जाऊन पक्षाघात होतो. हें वारंवार होत नाहीं, पण होतें. २०२२ सालीं हैदराबादेस एका बाईनें केशकर्तनालयांत केस धुण्यासाठीं मान मागें टेकली आणि तिला पक्षाघाताचीं लक्षणें झालीं, ती बातमी आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचली असेल. मधुमेह्याच्या रोहिणी आधींच कठीण झालेल्या असतात. डोळा वांचवावयास गेलें आणि मेंदूंतली दृष्टि गमावली, असा हा सौदा होईल.

याहूनहि जी गोष्ट मला अधिक भयंकर वाटते ती पुडीची. मालिशेबरोबर ‘सांध्यांची वनस्पति’ म्हणून बिननांवाची पुडी देणारे लोक बाजाराच्या दिवशीं भेटतात. असल्या कांहीं पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलें आढळलें आहे. त्यानें दुखणें जादूप्रमाणें थांबतें. परंतु रक्तांतील साखर भडकते, आणि कित्येकांच्या डोळ्यांतला दाबहि चढतो. डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंब कांहीं आठवडे घातले तर सुमारें तीन जणांत एकाचा दाब कमीअधिक वाढतो, असें डॉक्टर सांगतात. म्हणजे मानेसाठीं गेलेला मधुमेही मान हलकी करून, साखर आणि दाब दोन्ही वाढवून घरीं येतो, व वर समाधानानें पैसे देतो.

आतां त्या शिरूरच्या भगिनीची गोष्ट पुरी करतों. मीं त्यांना पुण्यास पाठविलें. दाब निघाला एका डोळ्यांत १८ व दुसऱ्यांत १९, दोन्ही ठीक. त्या हंसल्या आणि उठूं लागल्या, तों डॉक्टरांनीं त्यांना पुन्हां बसविलें. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या व आंत पाहिलें, तर पडद्यावर ठिकठिकाणीं रक्ताचे ठिपके, आणि कोठें कोठें नव्या नाजूक केशवाहिन्यांचे कोंब. मधुमेहाचा डोळ्यांवरचा खरा घाला हा आहे. वाढलेली साखर पडद्याच्या केशवाहिन्या कुजविते; भुकेलेला पडदा नव्या वाहिन्या मागतो; त्या कच्च्या असतात व फुटतात. कांहींमध्यें त्या पुढें येऊन बुबुळाच्या कडेच्या त्या जाळीवरच माजतात, चारीच्या तोंडांत वेल माजावा तशा. मग जो काचबिंदू होतो तो सर्वांत दुष्ट. मान कितीहि चोळली तरी ती वाट उघडत नाहीं. त्या भगिनीला वेळेवर लेझर मिळालें. केवळ दाबाचाच विचार करीत बसलों असतों, तर तो आंकडा पाहून आम्हीं निश्चिंत झालों असतों.

म्हणून मधुमेह समजला त्या वर्षापासूनच, दिसण्यांत कांहीं उणें नसलें तरी, दर वर्षीं एकदां पडदा, नस आणि दाब हीं तिन्ही तपासून घ्यावीं. “मी सडपातळ, मला कोठला मधुमेह?” असें म्हणूं नये. आपल्या पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं आपला आणि आपल्या इंग्रज मित्राचा एक जोडफोटो प्रसिद्ध केला. दोघांची उंचीच्या मानानें अंगलट सारखी. परंतु इंग्रजाच्या देहांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या देहांत २१.२. आमचा बारीकपणा असा फसवा आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनीं १९९३ पासून गर्भार स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला आहे. आणि त्याच रुग्णालयाचें केंद्र आपल्या शिरूर तालुक्यांत वढू बुद्रुक येथें काम करतें. इतक्या जवळ ज्ञान असून आपण गल्लींतल्या ऐकीव गोष्टीवर जावें, याचें मला वाईट वाटतें. माझ्यासुद्धां सर्वांविषयीं वाटतें.

देवळाशीं संबंधित दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण त्यांतला दोष थोडा आमचाहि आहे. कित्येक वृद्ध मंडळी ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा म्हणून रविवारीं सकाळची गोळी व डोळ्याचे थेंब मिस्सा होईपर्यंत टाळतात. लहानपणीं मध्यरात्रीपासून पाणीहि न घेण्याची शिकवण घरांत मिळालेली असते, ती सुटत नाहीं. १९५३ सालीं पोप बारावे पायस यांनीं पाण्यानें उपवास मोडत नाहीं असें ठरविलें. १९६४ सालीं पोप सहावे पॉल यांनीं उपवास एका तासावर आणला. औषधानें तो मुळींच मोडत नाहीं, आणि वृद्ध व आजारी यांना त्या एका तासाचेंहि बंधन नाहीं. थेंब वेळेवर घाला आणि खुशाल पुढें या. दुसरी गोष्ट राखेच्या बुधवारची व गुड फ्रायडेची. उपवासाचा नियम अठरा वर्षें पुरीं झाल्यापासून साठाव्या वर्षांत पाऊल टाकीपर्यंत आहे, व आजाऱ्यांना त्यांतून सूट आहे. इन्सुलिन टोंचून उपाशी राहणें ही तपश्चर्या नव्हे. साखर एकदम उतरून मनुष्य बेशुद्ध पडतो. जातां जातां हेंहि सांगतों: काचबिंदूच्या थेंबांपैकीं टिमोलोल नांवाच्या थेंबानें साखर उतरल्याची धडधड लपूं शकते, व दम्याच्या रोग्यास तो बाधतो. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांना आपला मधुमेह व दमा आधींच सांगावा. हें ऐकून भिऊन थेंब बंद करूं नका. बदलून देणारें औषध असतें.

शिरूरला हें भाषण झाल्यावर एका तरुणानें मला हटकलें कीं, फादर, तोबिताच्या ग्रंथांत वैद्यांच्या लेपांनीं त्याचे डोळे उलट अधिकच बिघडले, व शेवटीं माशाच्या पित्तानें बरे झाले; मग घरगुती उपायाला आपण कां हंसतां? प्रश्न चांगला होता. पण तें पित्त सांगणारा देवदूत रफाएल होता, आणि आमच्याकडे ३०० रुपये घेणाऱ्याची तशी ओळख पटलेली नाहीं. सिराखाच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्यायहि त्या तरुणानें वाचावा. वैद्याला व औषधाला देवानेंच निर्माण केलें, हें तेथें स्पष्ट आहे.

महोत्सवाच्या या वर्षांत दर तीन महिन्यांनीं एका रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या वर्गांत डोळे तपासण्याची व्यवस्था केली आहे. शिरूरला एकदां आणि दौंडला एकदां. ज्यांना अधिक तपासणी लागेल त्यांनीं पुण्यास ससूनमध्यें किंवा हडपसरकडील देसाई नेत्र-रुग्णालयांत जावें. भाड्याची अडचण असेल त्यांनीं मला एकट्यास सांगावें. दौंडचे ते आमचे गृहस्थ नांवें लिहून घेण्यास बसणार आहेत. उजव्या डोळ्याचे थेंब ते आतां रोज रात्रीं नऊच्या ठोक्याला घालतात, आणि वाचनहि पुन्हां करूं लागले आहेत. येतांना चालू औषधांच्या बाटल्या व चिठ्ठ्या आणाव्या. घरांत बिननांवाची पुडी असेल तर तीहि आणावी, कोणी रागावणार नाहीं. बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घातल्यावर तीन-चार तास अंधुक दिसतें, तेव्हां मोटारसायकलीवर एकट्यानें येऊं नये. घरचें कोणी तरी बरोबर आणावें.